पुंजारामनं लावलेली हजेरी

पुंजारामभाऊ वारले तेव्हा तेराव्याला त्यांच्या पोरानं मला उभं केलं. म्हणला, "बेबीनंदाताई, तुम्ही मास्तरीण, बाबांबद्दल चार शब्द बोला." मी म्हणले, मला बोलायला लावू नको, माझ्या तोंडून चांगलं निघायचं न्हाई. मंडपातल्या लोकांना वाटलं, बाईचा गळा दाटून आलाय. गळा कशाचा दाटतोय? राग आल्ता मला. सात वर्षं होऊन गेल्ती त्या गोष्टीला, आन राग ताजाच होता. अजून आहे. म्हणून आता सगळं सांगूनच टाकते.

पुंजारामभाऊंचं कुंभार पिंपळगावात, बाजारतळाला लागून, रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बुटका माणूस, जाड भिंगाचा चष्मा, शर्टावर सोल्डरिंगच्या ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. बोलणं मोजकं. गिऱ्हाईकानं दहा गोष्टी विचारल्या तरी यांचं उत्तर एकच, "होईल बराबर." असला गरीब दिसणारा माणूस कुणाला फसवील असं वाटत न्हाई. मला फसवलं. तेही एकदा न्हाई, दर रविवारी.

आमचं एक मंडळ होतं, हौशी रेडिओवाल्यांचं. त्र्याऐंशी साली अण्णासाहेबांच्या डोक्यातून निघालं. अण्णासाहेब म्हणजे आमच्या हायस्कूलचे विज्ञानाचे सर. वायरलेसचा सेट आपल्या हातानं बनवायचा, परीक्षा देऊन दिल्लीहून लायसन काढायचं, आन आपल्यासारख्याच हौशी माणसांशी हवेतून बोलायचं. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. यातून पैसा कमवायचा न्हाई, असा नियमच आहे. लोक विचारायचे, मंग करता कशाला? याचं उत्तर आमच्यातल्या कुणालाच नीट देता आलं न्हाई. लायसनच्या चौकशीला पोलीस तीनदा आल्ते. हवालदार अण्णासाहेबांना म्हणला, "पाकिस्तानशी बोलायचंय का?" सर म्हणले, "आधी परतूरशी तर बोलू द्या."

आम्ही सहा जण. अण्णासाहेब आन पुंजारामभाऊ झाले. तिसरे रामकिसनकाका, पोस्टातले तारबाबू. चौथे भुजंगराव, फौजेत सिग्नलला होते, पेन्शन घेऊन आल्ते. पाचवे कडूबामामा, अंकुशनगरला साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आन सहावी मी, एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, अण्णासाहेबांची विद्यार्थिनी.

बोलायचं म्हणजे तोंडानं न्हाई. आमचे सेट घरी बनवलेले, त्यात आवाज जात नव्हता. तारेच्या भाषेत वाजवायचं, कट्ट-कडकट्ट, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. मला ते रामकिसनकाकांनी शिकवलं. पोस्टाच्या मागं त्यांचं घर होतं, तिथं ओट्यावर लाकडी फळीला ठोकलेला, तार वाजवायचा पितळी खटका. रोज संध्याकाळी जायचे. गावात लोक बोललेच, बौद्धांची पोरगी तारबाबूच्या ओट्यावर काय करून राह्यली म्हणून. गिरिजाकाकू, म्हणजे काकांच्या मंडळी, मला ज्या पेल्यात चहा द्यायच्या त्याच पेल्यात दुसऱ्या दिवशी काका प्यायचे. वेगळा पेला नव्हता. त्र्याऐंशी सालातलं सांगते मी, आमच्या गावातलं. त्या घरासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. खटका प्रत्येकाचा वेगळा वाजतो. अक्षरं तीच, पण कुणी ओढून वाजवतो, कुणी तोडून. आम्ही त्याला 'हात' म्हणायचो. आवाज ओळखावा तसा हात ओळखायचा. भुजंगरावांचा हात कवायतीसारखा, एकदम सरळ. कडूबामामांचा जड, दर अक्षराला दाबून. अण्णासाहेबांचा घाईचा, वर्गावर जायचं असल्यावाणी. रामकिसनकाकांचा संथ, आन वाक्य संपलं की जरासं थांबायचे, पान जिभेखाली सरकवायला. नाव सांगायच्या आधी मी हात ओळखायचे, आन त्याचा मला फार गर्व होता.

रविवारी सकाळी सातला हजेरी. पुंजारामभाऊ दुकानातनं एकेकाचं नाव पुकारायचे आन ज्यानं त्यानं आपापल्या घरून उत्तर द्यायचं. मंग पाचपाच मिनिटं बोलणं. पाऊस किती झाला, कापसाला बोंडं कशी, कुणाची अँटेना वाऱ्यानं तुटली. मी सगळ्यांना 'जय भीम' वाजवायचे, ते 'राम राम' वाजवायचे, कडूबामामा मात्र मला उलट 'जय भीम' वाजवायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. मी डी.एड. केलं, नोकरी लागली, एक्क्याण्णव साली भोकरदन तालुक्यात धावड्याला बदली झाली. जिल्ह्याचं एक टोक कुंभार पिंपळगाव, दुसरं धावडा. वडील वारले, आई भावाकडं जालन्याला राह्यला गेली, त्यामुळं गावाकडं जाणं सुटलं. रविवारची हजेरी तेवढी सुटली न्हाई. धावड्याला माझा सेट पुंजारामभाऊंनीच आणून दिला. एस.टी.त मांडीवर घेऊन आल्ते, दोन गाड्या बदलून. पन्नाशीचा माणूस माझ्या खोलीमागच्या लिंबावर चढला आन वायर बांधून खाली उतरला. चहा घेतला आन परतीची गाडी धरली.

नवीन माणूस मात्र मंडळात टिकला न्हाई, आन त्याला जबाबदार आम्हीच. सरांनी नियम घातल्ता, एका मिनिटाला बारा शब्द चुकीशिवाय ऐकता आले तरच खटक्याला हात लावायचा. सरकारनं पाच शब्दांवर लायसन दिलं तरी सरांच्या दारात बारा. शाळेतली पोरं हौसेनं यायची, चार दिवस बसायची, सर त्यांची चूक चारचौघांत दाखवायचे, पाचव्या दिवशी पोरं गायब. पुंजारामभाऊ म्हणायचे, "सर, जरा ढिलं सोडा." सर म्हणायचे, "हात शुद्ध पाहिजे." भुजंगराव मान डोलवायचे. मीपण डोलवायची, खोटं कशाला सांगू. मला वाटायचं, मी एवढं घासून शिकले, मंग यांना फुकट का? आम्ही सहाचे सहाच राह्यलो, आन सगळ्यांचे केस पांढरे होत गेले.

चौऱ्याण्णवला अण्णासाहेब गेले. झोपेतच. त्याच्या पुढच्या रविवारी हजेरीला कुणी आलं न्हाई. त्याच्या पुढच्यालाही न्हाई. मीसुद्धा सेट लावला न्हाई, मन लागत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पुंजारामभाऊ दारात. खांद्याला तीच पिशवी. बसायच्या आधीच म्हणले, "एक गेला म्हणून दुसऱ्यानं बंद केलं, तर तिसरा बंद करनारच. मंग काय राह्यलं? तू रविवारी ये." सगळ्यांकडं असेच जाऊन आल्ते. आम्ही परत यायला लागलो. त्या तीन आठवड्यांत या माणसाच्या मनात काय भीती बसली असंल, त्याचा मी तेव्हा विचार केला न्हाई.

भुजंगराव शहाण्णवला पोराकडं नाशिकला गेले. पण तिथून ते हजेरीला यायचे. आवाज बारीक यायचा, लांबून आल्यावाणी. रामकिसनकाका रिटायर होऊन घरीच होते, ते तर कधीच चुकले न्हाईत. कडूबामामांचे दोन्ही पाय साखरेच्या आजारानं गेले, तेही चुकले न्हाईत. म्हणजे आमच्या मंडळात पाच जण, म्हातारे झाले पण एकजण हलला न्हाई. शाळेत मी बाकीच्या शिक्षकांना सांगायचे, निष्ठा बघायची तर आमच्या लोकांची बघा. फुशारकी मारायचे मी.

नव्याण्णवच्या मे महिन्यात भाचीचं लग्न घनसावंगीला होतं. लग्न उरकल्यावर म्हणलं, इतक्या जवळ आलोय तर कुंभार पिंपळगावला जाऊन काकांना भेटावं. दिवाळीला कार्ड टाकलं होतं, रविवारी काकांनी "कार्ड मिळालं" असं वाजवलंही होतं. मंग पानाचा विडा बांधून घेतला, त्यांच्या आवडीचा, कमी चुन्याचा, आन पोस्टाच्या मागं गेले.

गिरिजाकाकू ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं.

मी उभीच राह्यले. त्यांनी वर बघितलं, ओळखलं, आन मला धरून रडायला लागल्या. "फार उशीर झाला ग नंदे. अकरा महिने झाले. त्याच्या आधी एक साल अंथरुणात. लकव्यानं उजवा हात आन तोंड गेलं होतं. तुझं नाव घ्यायला बघायचे, निघत नव्हतं."

अकरा महिने. त्याच्या मागचं एक साल. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. गेल्या रविवारी मी रामकिसनकाकांना विचारलं होतं, "तब्येत कशी?" त्यांनी वाजवलं होतं, "बराबर." मंग थांबले होते, पान सरकवायला थांबतात तेवढेच.

विडा मी तिथंच ओट्यावर ठेवला. काकूंना विचारलं, माझं कार्ड? म्हणल्या, "ते तर पुंजाराम वाचायला घेऊन गेल्ते." मी उठले आन तरातरा बाजारतळाकडं निघाले. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर पदर न्हाई, चप्पल नीट घातली का न्हाई तेही आठवत न्हाई. दुकानात एक गिऱ्हाईक टेपरेकॉर्डर घेऊन उभं होतं. मी म्हणले, "तुम्ही नंतर या." ते माझ्या तोंडाकडं बघून गेलं.

"पुंजारामभाऊ, रामकिसनकाकांच्या हातानं कोण वाजवतंय?"

त्यांनी चष्मा काढला. पुसत बसले. मी टेबलावर हात आपटला, स्क्रू इकडंतिकडं उडाले. तेव्हा म्हणले, "मीच."

"आन भुजंगराव?"

"त्यांनी नाशकात जाऊन सेट लावलाच न्हाई. ते बी मीच. पावर कमी करायची, काटा थोडा सरकवायचा. लांबून आल्यावाणी वाटतं."

"म्हणजे पाचातले खरे किती?"

"तू, मी आन कडूबा."

काय काय बोलले मी त्या दिवशी, सगळं आठवत न्हाई. एवढं आठवतं की म्हणले, लायसन माझंही आहे, मेलेल्या माणसाच्या नावानं वाजवणं गुन्हा आहे. म्हणले, माझा बाप गेल्यावर ज्याला बाप मानलं तो अंथरुणात पडून माझं नाव घेत होता, आन तुम्ही मला त्याच्याच हातानं सांगत होता, बराबर आहे. मी आले असते. एका दिवसाची रजा टाकून आले असते, त्याच्या तोंडात पाणी घातलं असतं. तुम्ही मला त्याच्या मरणाला येऊ दिलं न्हाई. लिंबावर चढून वायर बांधली ती याच्यासाठी का?

ते मान खाली घालून ऐकत होते. एकदाच बोलले. "सुरुवात त्यांनीच केल्ती. हात गेला तेव्हा त्यांनी खुणेनं सांगितलं, माझी हजेरी लाव. तुझ्यासाठी लाव, कडूबासाठी लाव. मंग ते गेले. मला थांबता आलं न्हाई. सर गेल्ते तेव्हा काय झाल्तं, तू बघितलंस. कडूबा रामकिसनसाठी उठतो, नंदा. त्याला सांगू नको."

"येत्या रविवारी तुम्ही सांगा," मी म्हणले. "न्हाईतर मी सांगते."

त्यांनी चष्मा घातला आन टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागले. मला वाटलं, शरमले. आता त्या गप्प बसण्याचा विचार केला की मस्तक फिरतं. अरे, भांडायचं तरी माझ्याशी. अडवायचं तरी.

रविवारी सात वाजता मी धावड्याला सेटपुढं बसले. पुंजारामभाऊंनी हजेरी सुरू केली. माझं नाव. मी उत्तर दिलं. कडूबामामांचं नाव. मामांनी दाबून दाबून 'राम राम' वाजवलं आन मला 'जय भीम'. मंग रामकिसन. मी वाट बघितली. त्यांनी सांगायला पाहिजे होतं, ते सांगेनात. हेडफोनमध्ये नुसती खरखर. मंग मामांनीच वाजवलं, "रामकिसन, आहेस का?"

माझा हात खटक्यावर गेला. मी वाजवलं, "रामकिसनकाका गेले. गेल्या साली जूनमध्ये. भुजंगराव नाशिकला गेल्यापासून सेटवर न्हाईत. दोघांच्या नावानं पुंजारामभाऊ वाजवत होते." एकही अक्षर चुकलं न्हाई. बारा शब्दांच्या वर वेग होता. अण्णासाहेब असते तर खूश झाले असते.

कडूबामामांकडून मंग आलं, "बराबर." तेवढंच. त्यांच्या सेटचा गुणगुणाट बंद झाला.

पुढच्या रविवारी मामा आले न्हाईत. त्याच्या पुढच्याही न्हाई. पुंजारामभाऊ त्यांचं नाव पुकारायचे, थांबायचे, पुढं जायचे. मला वाटलं, दुःख झालंय, ओसरेल. जून गेला, पोळा गेला, दसरा गेला. दिवाळीच्या सुटीत मी पुंजारामभाऊंना पत्र टाकलं की अंकुशनगरला जाऊ या. त्या दिवसापासून आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. अंबडच्या स्टँडवर भेटलो, शेजारी बसून गेलो, तिकीट ज्याचं त्यानं काढलं.

मामा भिंतीकडं तोंड करून पडलेले. दाढी वाढलेली. सेटवर जुनं धोतर टाकून ठेवलेलं. मी पायथ्याशी बसले, म्हणजे पाय नव्हतेच, पलंगाच्या कडेला बसले. म्हणले, "मामा, जय भीम." त्यांनी मान वळवली न्हाई, पण हळूच 'जय भीम' म्हणले. मी म्हणले, "रविवारी या ना. आम्ही दोघं असतो." ते म्हणले, "तू ये पोरी, तुझं वय आहे. मी आता कुणासाठी उठू?"

द्वारकाबाई, त्यांच्या मंडळी, दारात उभ्या होत्या. हातात पिठाचं ताट. आवाज चढवला न्हाई त्यांनी.

"मास्तरीणबाई, हे रविवारी पाचला उठायचे. पाय न्हाईत तरी आंघोळ पाहिजे. पोरगा आन मी, दोघं उचलून मोरीत न्यायचो. दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे. रामकिसन वाट बघतोय म्हणायचे. एक रविवार असा झाला की बाकीचे सहा दिवस पोटात अन्न जायचं. रामकिसनराव गेल्याचं मला पहिल्या दिवशी कळलं. मीच पुंजारामभाऊंच्या पाया पडले, बंद करू नका म्हणून." ताट त्यांनी खाली ठेवलं. "तुम्हाला खरं पाहिजे होतं. आता हे पडलेत तिथं. उठवून दाखवा."

मी उठवायला बघितलं. खरंच बघितलं. सेटवरचं धोतर काढलं, हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला, हळूच, रागानं न्हाई.

परत येताना स्टँडवर गाडीला तास होता. पुंजारामभाऊंनी दोन चहा आणले. माझ्यावर एक शब्दानं ठपका ठेवला न्हाई. त्याचाच मला जास्त संताप आला. मी विचारलं, "द्वारकाबाईला माहीत होतं. गिरिजाकाकूला माहीत होतं. मलाच का सांगितलं न्हाई?"

"तू लटकं बोलत न्हाईस," ते म्हणले. "रामकिसन बोलता होता तेव्हाच म्हणायचा, त्या पोरीला कधी लटकं बोलायला लावू नको."

कडूबामामा संक्रांतीच्या आधी गेले. मंग दर रविवारी आम्ही दोघंच, पुंजारामभाऊ आन मी, सात वर्षं. ते नाव पुकारायचे, मी उत्तर द्यायची, पाऊस सांगायची. आमच्यात कापसाशिवाय बोलायला काही उरलं नव्हतं, तरी एकानंही रविवार चुकवला न्हाई. मंग त्यांचं हृदय बंद पडलं आन मी धावड्याच्या खोलीत एकटी सेटपुढं बसून राह्यले. कुणी नाव घेतलं न्हाई माझं.

लोक म्हणतात, एवढा भला माणूस, त्याच्यावर राग कशाला? भला होता, मला मान्य आहे. पण एकट्यानं तीन माणसांचे हात वाजवायचे, बायकांची तोंडं सांभाळायची, माझ्या शिव्या खायच्या, आन मी काचेची बाहुली म्हणून मला बाजूला ठेवायचं, हे कुणी सांगितलं होतं? लटकं बोलत न्हाई म्हणे. मला खटक्यावर कुणी शिकवलं? रामकिसनकाकांनी. त्यांचा हात पुंजारामभाऊंपेक्षा मला चांगला येत होता. घरी बोलावून समोर बसवून सांगायचं होतं, नंदा, असं असं आहे, कडूबाला जगवायचंय. मी काकांच्या उशाला जाऊन आले असते, रडून घेतलं असतं, आन येत्या रविवारपासून निम्मी माणसं वाटून घेतली असती.